काडतुसांचा डबा

गेल्या रविवारी डेन्व्हरहून पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाला, "आत्या, एक विचारायचं होतं. ऑफिसातला एक जण मला शिकारीला चल म्हणतोय. प्रेअरी डॉग मारायला. अण्णाआजोबा शिकारी होते ना? मग जाऊ का?"

आता हे प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रे नव्हेत बरं का मंडळी. खारीच्या कुळातला, जमिनीत बिळं करून राहणारा प्राणी आहे. अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात त्यांच्या वसाहतीच्या वसाहती असतात. तोंडाला उभे राहून भुंकल्यासारखा आवाज करतात, म्हणून नावात डॉग. गवत खातात आणि बिळांनी कुरणाची चाळण करतात, म्हणून गुरं पाळणाऱ्यांचं आणि त्यांचं जुनं वैर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या सरकारनेच विष घालून त्यांना मारण्याच्या मोहिमा काढल्या. आजही लायसन काढून खासगी जमिनीवर त्यांची शिकार करता येते.

पुतण्याने सामानाची यादीच वाचून दाखवली. रायफल, तिच्यावरची दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र, घडीचं टेबल, नळीखाली ठेवायच्या वाळूच्या पिशव्या, कानाला लावायचे मफ, थंड पाण्याचा डबा, उन्हाची टोपी. ती यादी ऐकताना त्याच्या आवाजात जी खुशी होती ना, ती मी ओळखली. पन्नासेक वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी अण्णांच्या आवाजात तीच असायची!

"विचार करून सांगते," म्हणाले. पण फोनवर सांगण्यासारखं ते नाही. म्हणून इथे लिहितेय. घरच्यांनी वाचावं, आणि बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

*

आमच्या लहानपणची विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण संपलं आणि उल्हासनगर सुरू झालं यांच्यामधली जागा. दुसऱ्या महायुद्धात या बाजूला लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. अण्णा अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आमच्याकडून दोन स्टेशनं. पण बंदुकीचा आणि नोकरीचा संबंध नव्हता. बंदूक आली ती मुरबाडकडच्या आमच्या गावाहून, आजोबांकडून. एकनळी, बारा बोअरची.

बारा बोअर म्हणजे काय, हे अण्णांनी मला पाटीवर खडूने समजावून दिलं होतं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. मला हे फार उलटं वाटायचं. अजूनही वाटतं :-)

आजोबांचं लायसन शेतीरक्षणाचं. डोंगराकडेला भात आणि नाचणी, आणि रात्री रानडुकरं उतरायची. त्याआधी आमच्या पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती म्हणे. वरून दारू ओतायची, चिंध्या ठासायच्या, छरे टाकायचे, पुन्हा ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन घोडा ओढायचा. पावसात तिचा उपयोग काठीइतकाच.

लायसनचीही एक गोष्टच आहे. १८५७ नंतर इंग्रजांना इथल्या माणसाच्या हातातल्या हत्याराची धास्ती होती. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीला परवाना लागणार आणि गोऱ्या माणसाला सूट. साहेब सुट्टीत गाडीत बसून कल्याणच्या पुढे उतरणार, भातखाचरातल्या पाणलाव्यांवर बार काढणार, आणि डुकरं ज्याचं शेत खातात त्याने मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पायऱ्या राहिल्या. अण्णांच्या लायसनच्या पुस्तकात किती काडतुसं घेतली ते दुकानदार लिहून सही करायचा. ते पुस्तक मेणकापडात गुंडाळून बनियनच्या आतल्या खिशात असायचं.

*

आता तयारी.

दिवाळी झाली, भातं कापून झाली की अण्णांचा शिकारीचा हंगाम. शुक्रवारी रात्री बंदूक खाली निघायची. घडवंचीवर जुनं धोतर पसरायचं, बंदूक मोडून नळी वेगळी करायची, आणि मला नळीतून दिव्याकडे बघायला सांगायचे. "चंद्र दिसतो का?" आतली नळी स्वच्छ असली की त्या टोकाला खरंच गोल चंद्र दिसायचा. जरा डाग असला की पुन्हा गज, पुन्हा चिंधी, पुन्हा शिवणाच्या मशीनचं तेल.

मग पिशवी भरायची. खाकी अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट, पाच सेलची बॅटरी, चाकू, सुतळी, काडेपेटी (हिला मेण लावलेलं), म्हशाच्या जत्रेत घेतलेली घोंगडी, भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे, मिठाची पुडी. शेवटी काडतुसांचा डबा.

त्या काळी काडतुसं कागदी असायची. खाली पितळेची टोपी आणि वर जाड रंगीत कागदाची नळी. त्यावर छऱ्याचा नंबर छापलेला. सशाला चार नंबर, तित्तराला सहा, पाणलाव्यासारख्या चिमुकल्या पाखराला आठ. म्हणजे इथेही आकडा मोठा तर छरा बारीक. डुकरासाठी मोठ्या गोळ्यांचं काडतूस, ते वेगळ्या कप्प्यात. विलायती काडतुसं महाग आणि दुर्मिळ, म्हणून जपून वापरायची.

कागदी काडतुसाचा शत्रू म्हणजे आपला कोकणपट्टीचा पाऊस. दमट हवेत कागद फुगतो. फुगलेलं काडतूस एकतर नळीत जातच नाही, गेलं तर अडकून बसतं. आणि आतल्या दारूला ओल लागली की बार होतो पण जोर नसतो. म्हणून पावसाळ्याचे चार महिने आमचा काडतुसांचा डबा तांदळाच्या कोठीत पुरलेला असायचा. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, झाकणाच्या कडेने मेण. हे काम माझं होतं. भाऊ बाराच्या आवाजाला घाबरायचा, म्हणून शिकारीतली सगळी धाकट्याची कामं माझ्याकडे आली होती. (हो रे, तुझाच बाप. वाचत असशील तर रागावू नकोस दादा!)

*

शनिवारी अर्धा दिवस भरून अण्णा आले की आम्ही कल्याणच्या एसटी स्टँडवर. बंदूक कापडी खोळीत. मुरबाडची गाडी, पुढे चालत गाव. रात्री आजीकडे झोपायचं आणि पहाटे निघायचं.

बरोबर एक कातकरी गृहस्थ असायचे, मी त्यांना काका म्हणायचे. रान त्यांना कळायचं, अण्णांना फक्त बंदूक कळायची. हे अण्णा स्वतःच सांगायचे. आपल्याकडचा ससा बीळ करत नाही, ढेकळाच्या नाहीतर गवताच्या आडोशाला खळगा करून बसतो, हे मला काकांनी दाखवलं. पाच हातांवर बसलेला ससा मला दिसत नव्हता आणि त्यांना त्याचा कान दिसत होता.

पुतण्याच्या प्रेअरी डॉगशी खरं नातं लागतं ते अण्णांच्या शिकारीचं नव्हे, या काकांच्या शिकारीचं. कातकरी भात कापून झालं की शेतातले उंदीर खणून काढतात. शेतातला तो काळा उंदीर, घुशीचा भाऊबंद, बांधात लांबच लांब बिळं करतो आणि भाताच्या लोंब्या तोडून आत कोठार भरतो. काका आधी बांधावरून फिरून सगळी तोंडं शोधायचे. एक सोडून बाकीची चिखलाने बुजवायची. एका तोंडाशी गवत पेटवून धूर आत फुंकायचा, मग खणायचं. सामान काय? एक कुदळ, एक मडकं, गवताची पेंढी. उंदीर मिळायचे ते भाजून खायचे आणि बिळातल्या लोंब्या निघायच्या त्या वेगळ्या बांधून घरी न्यायच्या. शेत ज्याचं त्याचाही फायदा. पण त्या लोंब्या घरी न्यायला लागणं ही मजा नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं गेली. कातकरी आज महाराष्ट्रातल्या अतिमागास आदिम जमातींत मोडतात.

आणखी एक गंमत बघा. शिकार हाच ज्यांचा पिढीजात धंदा, त्या फासेपारध्यांसारख्या लोकांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणलं. तो कायदा १८७१ चा. त्यातून सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ला झाली, आणि शिक्का अजून पुरता पुसला नाही. म्हणजे फासा लावला की गुन्हा आणि बंदूक घेतली की खेळ! साहेबांनी आपल्याला क्रिकेटसारखीच ही समजूतही देऊन ठेवली.

*

आता जे कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

१९७० च्या पावसाळ्यात मी दहा वर्षांची होते. शाळेला सुट्टी, बाहेर पाऊस, घरात कुणी नाही. कोठीतला डबा काढला आणि काडतुसं ओळीने उभी करून लुटुपुटीची पलटण मांडली. लाल काडतुसं एका बाजूला, हिरवी दुसऱ्या बाजूला. खेळ संपल्यावर डबा परत ठेवला, पण झाकणाला मेण लावायचं राहिलं. राहिलं म्हणजे कंटाळा केला. कोठीत खोल पुरायचाही कंटाळा केला, वरच ठेवला. चार-पाच काडतुसं तर खिडकीत राहून गेली होती, ती दोन दिवसांनी सापडली. पुसून डब्यात टाकली.

जानेवारी १९७१. म्हशाच्या जत्रेचे दिवस, म्हणून थंडी लक्षात आहे. उन्हं कलताना काकांनी ससा उठवला. अण्णांनी बार काढला. आवाज नेहमीसारखा नव्हता, फुसका होता. ससा कोलमडला, पुन्हा उठला आणि मागचा पाय ओढत करवंदीच्या जाळीत शिरला.

अण्णांचा एक नियम होता. बार कुणीही काढो, पडलं ते स्वतः चालत जाऊन उचलायचं, आणि जखमी झालं तर ते सापडेपर्यंत शोधायचं. आम्ही शोधलं. करवंदीत हात घालून, ओणवं होऊन, अंधार पडल्यावर बॅटरी लावून. रक्ताचे थेंब होते, मग तेही संपले. अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. काका म्हणाले, "कोल्हा खाईल आता." अण्णा तरीही तासभर शोधत होते. परतीची गाडी गेली. सोमवारी अण्णांची पाळी बुडाली, आणि ती त्यांची नोकरीतली बहुतेक पहिलीच असेल.

रात्री आजीच्या ओट्यावर त्यांनी डब्यातलं एक काडतूस चाकूने उघडलं. आतली दारू बोटावर घेऊन बघितली. माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. सगळी काडतुसं त्यांनी घरी येऊन बाद केली, आणि त्या वर्षी पुन्हा गेलो नाही.

त्यांना कळलं होतं की नाही, हे मी त्यांना त्यांच्या शेवटापर्यंत विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कोठीतला डबा त्यांनी स्वतः ठेवला, एवढंच.

*

पुढे शिकारच संपली. १९७२ चा दुष्काळ, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा. आपण सरसकट म्हणतो की १९७२ ला शिकारबंदी झाली, पण नेमकं तसं नाही. वाघाची शिकार त्याआधीच, १९७० ला बंद झाली होती. आणि १९७२ च्या कायद्यातही मोठी शिकार, लहान शिकार असे परवान्यांचे प्रकार होते. ससा लहान शिकारीत. ते परवाने कायद्यातून पूर्ण गेले १९९१ च्या दुरुस्तीने. उंदीर, घुशी, कावळे हे मात्र उपद्रवी प्राण्यांच्या वेगळ्या परिशिष्टात होते, त्यांना संरक्षण नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टही काढून टाकलं.

पण अण्णा परवाने मागायला गेले नाहीत. बंदूक कपाटावर गेली. अण्णा गेल्यावर आम्ही ती रीतसर जमा करून विकून टाकली. डबा राहिला. त्यात आता माझी बटणं आणि सुया असतात.

मी मोठेपणी वाचलं की शिकारीतूनच रानाकडे वळलेली माणसं आपल्याकडे किती आहेत. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती ओळखायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही सोसायटी १८८३ ची, आणि तिच्या जुन्या अंकांतून शिकाऱ्यांची टिपणं भरपूर. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले पक्षी कपाटांतून काढून दाखवले आणि पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांचं झालं. आपले व्यंकटेश माडगूळकरही बंदूक घेऊन हिंडलेले, आणि मग त्यांनीच माकडांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' लिहिलं.

अण्णांचं तसं काही झालं नाही. त्यांना पश्चात्ताप वगैरे झाला असं मला सांगता आलं असतं तर लेख छान संपला असता. पण म्हातारपणी एकदा विचारलं तर म्हणाले, "मजा यायची गं." एवढंच. खोटं कशाला सांगू? मलाही यायची. नळीतला चंद्र, एसटीतली थंडी, भाकरीला येणारा धुराचा वास. आजीने शिजवलेल्या सशाच्या रश्श्यात दाताखाली छरा यायचा, तो ताटाच्या कडेला ठेवायचा आणि कुणाचे किती ते मोजायचे. अकरा छऱ्यांचा विक्रम माझ्या नावावर आहे :-)

आणि १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वाघ-बिबटे आहेत, तेव्हा आमच्यासारख्यांच्या बंदुकींनीच रान संपवलं असंही नाही. विठ्ठलवाडीच्या कडेने वाहणारी वालधुनी बघा. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशून येते, जवळपास हजार वर्षांचं देऊळ ते. आज नदीच्या पाण्याचा रंग रसायनांवर ठरतो. तिच्यावर कुणी एक बार काढला नव्हता.

*

असो. तर बाळा, तुझा प्रश्न.

तुमच्याकडे काळ्या पायांचं फेरेट नावाचं मुंगसासारखं जनावर आहे. ते जगतं मुख्यतः प्रेअरी डॉगवर, राहतंही त्यांच्याच बिळांत. प्रेअरी डॉग मारले गेले, प्लेगने मेले, आणि हे फेरेट नाहीसंच झालं असं सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीत्सी गावाजवळ एका शेतावरच्या कुत्र्याने एक मारून दारात आणून टाकलं, तेव्हा कळलं की थोडी उरलीत. शेवटची १८ पकडून त्यांच्यापासून पुढची पैदास केली. एका बिळातल्या प्राण्यावर किती जणांचं घर चालतं बघ. आणि शिशाच्या गोळीने मारलेला प्राणी तसाच पडला की ते शिसं गरुड-ससाण्यांच्या पोटात जातं, हेही तिथल्याच लोकांनी शोधून काढलंय.

पण तिथला शेतकरीही खोटा नाही. डुकरांनी एका रात्रीत झोपवलेली आमची नाचणी मी बघितलीय. तेव्हा इथे विठ्ठलवाडीत बसून मी तुला जा किंवा जाऊ नकोस असं सांगणार नाही. तुझं वय पस्तीस आहे, तू ठरव.

फक्त गेलास तर दोन गोष्टी कर. सामान स्वतः तपास, प्रत्येक वस्तू, दुसऱ्यावर सोडू नकोस. कारण तिथला आळस आपल्या अंगावर येत नाही, जनावराच्या अंगावर येतो. हे मला दहाव्या वर्षी कळलंय.

आणि दुसरं. तुझ्या त्या टेबलापासून तीनशे यार्डांवर काय पडलं ते दुर्बिणीतून बघून पुढचा नेम धरू नकोस. पहिल्या बारानंतर उठ आणि तिथपर्यंत चालत जा. हात लावू नकोस, त्यांच्यावरच्या पिसवांत प्लेग असू शकतो. नुसता जवळ उभा राहा, नीट बघ, आणि मग परत टेबलापाशी बसावंसं वाटतं का ते बघ.

अण्णा दर वेळी चालत जायचे. वाटलं तर पुन्हा बसायचे. त्या जानेवारीत नाही बसले.